खुंटीवरचा हात
(प्रस्तावना)

"मशीनमध्ये हात आला."

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. सांगणारा ते शांतपणे सांगतो, पाऊस आला म्हणावे तसे. मशीनने हात घेतला, असे तो म्हणत नाही. रोलरपुढची जाळी कोणी काढून ठेवली होती, तेही सांगत नाही. आला तो हातच, म्हणजे चूकही हाताचीच. मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही आणि घरातले कोणीतरी विचारते, "आता पुढं काय?" हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलेले आहे.

ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले गेले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे या गाडीने सुरतेला आली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिली. कोणी यंत्रमागाच्या खात्यात लागले, कोणी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, कोणी भरतकामाच्या मशीनवर. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, डोळ्यांवर झोप. कॅलेंडर म्हणजे कापड दाबून सपाट करणारे यंत्र; त्याच्या दोन रोलरांमधून कापड जात असते. एखादी सुरकुती दिसते, ती सरळ करायला बोटे पुढे होतात, आणि कापडाबरोबर बोटेही ओढली जातात. गावाकडे हेच काम कडबा कुट्टीचे यंत्र आणि थ्रेशर करतात. थ्रेशरमध्ये इतके हात गेले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. उच्च दाबाच्या तारेचा स्पर्श झाला तर कधीकधी दोन्ही हात एकदम जातात. हातावर पोट असणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे. या घरांसाठी तो शब्दशः खरा आहे.

कायद्याने हाताचे मोल टक्क्यांत बांधले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेले कोष्टक वाचले की अंगावर काटा येतो. खांद्यातून हात गेला तर कमाईची क्षमता ९० टक्के गेली असे धरायचे. कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटीमीटरवर कापला असेल तर ६० टक्के. एका हाताची चार बोटे ५० टक्के, एकटा अंगठा ३० टक्के. कामगाराला भरपाई मिळायची तर असे कोष्टक लागतेच. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण गेलेल्या हाताचा हिशेब शतकभर इतक्या बारकाईने ठेवणाऱ्या आपण त्या जागी दिलेल्या नव्या हाताचा हिशेब कधी ठेवला आहे का? तो हात किती दिवस वापरला गेला, कशासाठी, आणि कुठल्या दिवशी खुंटीला टांगला गेला, हे विचारायला कोणी पुन्हा त्या घरी जाते का? मला या पुस्तकाच्या मुळाशी हा प्रश्न दिसतो.

पायाच्या बाबतीत आपल्या देशाने मोठे काम केले आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडवला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे; त्याने मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलातून चालता येत नसे. जयपूर फूटने आधी माणूस बसतो कसा, चालतो कसा ते पाहिले आणि मग पायाला आकार दिला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय लाखोंपर्यंत पोहोचला.

हाताच्या वाट्याला असे भाग्य आले नाही, आणि त्याची कारणे आहेत. पायाचे मुख्य काम भार पेलण्याचे आणि पुढे टाकण्याचे. हाताला असे एक मुख्य काम नाही. पेला धरणे, दोरा ओवणे, चिमटीत मीठ घेणे, बाळाला उचलणे, मोटारसायकलचा क्लच दाबणे, तापलेल्या तव्याजवळून बोट क्षणात मागे घेणे ही सगळी कामे एकाच हाताची. सत्तावीस हाडांच्या या अवयवाला अंधारातही कापूस आणि लोकर यांतला फरक कळतो. शिवाय पाय गेला तर कृत्रिम पायावाचून माणूस अडून बसतो. एक हात गेला तर तो दुसऱ्या हाताने कसेबसे भागवायला शिकतो. नव्या पायाला आळस आणि दुर्लक्ष यांच्याशी झगडावे लागते. नव्या हाताची स्पर्धा शाबूत हाताशी असते. त्या स्पर्धेत तो बहुधा हरतो.

हात बनवण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत. अमेरिकेत करवतीच्या गिरणीत उजवा हात गमावलेल्या डेव्हिड डोरन्स यांनी १९१२ मध्ये दुभंगलेल्या आकड्याचे पेटंट घेतले. त्याच बनावटीचा हुक आजही जगभर वापरात आहे. आपल्याकडे पुण्याच्या वानवडीत १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या जखमी जवानांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. खानदेशातल्या आणि सुरतेतल्याही अनेक कुटुंबांना 'हाजी अलीचं हॉस्पिटल' ठाऊक असते ते यामुळेच.

हुकाचा हात कसा चालतो ते नीट समजून घ्यावे, कारण त्यात मोठी अक्कल आहे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक पट्टा पाठीवरून शाबूत बाजूच्या काखेत जातो. त्या पट्ट्यापासून हुकापर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते. खांदा पुढे केला की केबल ताणली जाते आणि हुक उघडतो. खांदा सैल सोडला की रबराची कडी त्याला मिटवतात. वीज नाही, बॅटरी नाही. केबलच्या ताणावरून आपण हुक किती उघडला याचा अंदाज खांद्याला येतो, आणि एवढी जाणीव पुष्कळ महागड्या हातांनाही देता येत नाही. तुटली तर ही केबल सायकल दुरुस्त करणारा हुशार माणूसही बदलू शकेल. दिसायला मात्र तो हुक आहे, हात नाही, आणि बहुतेक घरांत तो तिथेच नापसंत होतो.

दुसरा प्रकार विजेवर चालणारा. स्नायू आवळला की कातडीवर अगदी क्षीण विद्युतसंकेत उमटतो. उरलेल्या हातावर बसणाऱ्या वाटीच्या, म्हणजे सॉकेटच्या, आत बसवलेले इलेक्ट्रोड तो टिपतात आणि मोटर बोटे मिटते किंवा उघडते. त्याला मायोइलेक्ट्रिक हात म्हणतात. २००७ मध्ये स्कॉटलंडमधून आय-लिंब बाजारात आला आणि प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटर मिळाली. त्याआधी शिकागोत डॉ. टॉड कुइकेन यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले होते. खांद्यातून हात गेलेल्या माणसाच्या, पूर्वी हाताकडे जाणाऱ्या नसा त्यांनी छातीच्या स्नायूला जोडल्या. त्या माणसाने मनात 'मूठ मीट' म्हटले की छातीचा एक भाग आक्रसतो आणि यंत्राची मूठ मिटते. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा तशीच राहते. गेलेल्या बोटांत कळा का येतात, याचे एक कारण हे, आणि नव्या हाताच्या आशेचे मूळही हेच.

हे ज्ञान आता आपल्या आसपासही रुजते आहे. भुसावळच्या पुढे असलेल्या खंडव्याचे प्रशांत गाडे यांनी पुण्यात काम सुरू करून 'इनाली' हा कमी खर्चाचा हात घडवला. मुंबईच्या रोबो बायोनिक्सने 'ग्रिपी' हा स्पर्शाची जाणीव देऊ पाहणारा हात बनवला. एलएन-४ नावाचा साधा प्लॅस्टिकचा हात रोटरी क्लबांच्या शिबिरांतून मोफत वाटला जातो. कोपराखाली पुरेसा भाग उरला असेल तर तो काही मिनिटांत बांधता येतो. या प्रत्येक प्रयत्नामागच्या माणसांबद्दल मला आदर आहे.

तरीही एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. टोरांटोच्या एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००७ मध्ये आकडे मांडले. प्रौढांपैकी केबलचा हात नाकारणारे सरासरी २६ टक्के, विजेचा हात नाकारणारे २३ टक्के. मुलांमध्ये हेच प्रमाण ४५ आणि ३५ टक्के. हे अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले, जिथे मोजमापाला, शिकवायला आणि दुरुस्तीला माणूस मिळतो. म्हणजे मोटर आली, बॅटरी आली, तरी दर चार प्रौढांतल्या जवळपास एकाने हात काढून ठेवला. हात वाईट म्हणून फेकला असे म्हणून हा प्रश्न संपत नाही. तो का काढून ठेवला, हे त्या माणसाच्या घरात बसून पाहावे लागते.

लिंबायतच्या एका घरातला हात मला आठवतो. दाराच्या मागे, छत्रीच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो खुंटीला टांगलेला होता. घरातल्या ताईंचा डावा हात लहानपणी गावी कुट्टीत गेलेला, कोपराखाली चार बोटांच्या रुंदीएवढाच उरलेला. त्या ओट्यापाशी भाकरी करत होत्या. परात ओल्या फडक्यावर ठेवलेली, म्हणजे सरकणार नाही. उजव्या हाताने भाकरी थापायची आणि डाव्या उरलेल्या हाताने परातीची कड रेटून ती थोडी थोडी फिरवायची. भाकरी गोल होत होती. तो नवा हात घालून का करत नाही, असे मी विचारले. त्यांनी एकेक कारण सांगितले. हातावरचा मोजा हळदीने पिवळा होतो, कितीही धुतला तरी निघत नाही. तव्याजवळ नेला की रबराचा वास येतो. उन्हाळ्यात आत घाम साचतो, घामोळे येते. परातीची कड त्या हाताला जाणवत नाही, उघड्या कातडीला जाणवते. शेवटी म्हणाल्या, "त्या हाताला सांभाळायला तिसरा हात लागतो."

एवढ्या मोजक्या शब्दांत या विषयाचे सार मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. त्यांनी दिलेले प्रत्येक कारण हे एखाद्या इंजिनिअरसाठी नेमके काम आहे. डाग न धरणारा मोजा. उष्णता सोसणारा पृष्ठभाग. हवा खेळणारे सॉकेट. कडेचा स्पर्श सांगणारे साधे साधन. यांतले कुठलेच काम अशक्य नाही. फक्त ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर दिसत नाही. तिथे कोणी भाकरी थापत नाही.

सॉकेट म्हणजे उरलेल्या हातावर बसणारी वाटी. लोक बोटांकडे पाहतात, किंमत बोटांची विचारतात, पण हात टिकतो की सुटतो हे ठरवते ती ही वाटी. आपल्या हाताचा पंजा साधारण चारशे ग्रॅमचा. तो हाडाला जोडलेला असतो म्हणून आपल्याला कधी जड वाटत नाही. तेवढ्याच वजनाचा कृत्रिम पंजा कातडीवर लोंबकळतो आणि संध्याकाळी नकोसा होतो. सुरतेच्या पावसाळ्यात, खात्याच्या कोंदट हवेत, घामाने वाटी निसटते आणि इलेक्ट्रोडचा संकेत चुकतो. जळगावच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. धाग्याची बारीक धूळ सांध्यांत जाऊन बसते. जर्मनीत उत्तम चालणारा हात पांडेसऱ्यात सहा महिन्यांत अडला, तर त्यात वापरणाऱ्याची हयगय शोधू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की हात गेल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिला हात बसवला, तर तो स्वीकारण्याचे आणि कामावर परतण्याचे प्रमाण खूप वाढते. कारण सरळ आहे. महिना उलटला की उरलेला एक हात सगळी कामे शिकतो, आणि नवा हात घरात पाहुणा ठरतो. आपल्याकडे जखम भरणे, दिव्यांगत्वाचा दाखला, कार्ड, भरपाईचा खटला, मग शिबिराची वाट, यात वर्ष सहज जाते. आणि शिबिर म्हणजे सकाळी माप, दुपारी हात, संध्याकाळी हार आणि फोटो. शिबिर भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण हात देणे आणि हात वापरायला शिकवणे यांत दोन-तीन महिन्यांच्या सरावाचे अंतर आहे. चमचा कुठल्या कोनात धरायचा, साडीच्या निऱ्या दाताखाली न धरता कशा घालायच्या, हँडलवरची पकड कशी सोडायची हे सगळे ऑक्युपेशनल थेरपिस्टजवळ बसून शिकावे लागते. हाताबरोबर हे शिक्षण दिले नाही, तर दिली ती फक्त वस्तू.

त्याहून आधीची एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरते. कोपर वाचले की नाही, यावर पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. कोपराखाली हातभर नव्हे, चार बोटे भाग उरला तरी कोपर वाकते आणि कृत्रिम हात कामाचा होतो. कोपराच्या वर कापला गेला तर कोपरही कृत्रिम, वजन जास्त, आणि हात सुटण्याची शक्यता अधिक. रात्री अडीच वाजता चिरडलेला हात पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांनी या पुस्तकातले जखमेवरचे प्रकरण वाचावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

सुरतेबद्दल लिहिताना एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हे शहर हात गमावण्याचे आहे तसे हात देण्याचेही आहे. नीलेश मांडलेवाला यांच्या डोनेट लाइफ या संस्थेने इथे अवयवदानाची चळवळ रुजवली. दान केलेले हात जोडण्याची शस्त्रक्रिया आता जवळच मुंबईत होते. तिथे परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने लोकलच्या अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला दोन्ही हात बसवले. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरतेत मेंदूमृत घोषित झालेल्या एका शाळकरी मुलीचा हात तिच्या आईवडिलांनी दान केला आणि तो मुंबईतल्या एका किशोरवयीन मुलीला जोडला गेला. पुढच्या राखीपौर्णिमेला त्या मुलीने त्याच हाताने दात्या मुलीच्या भावाला राखी बांधली. ती बातमी वाचताना डोळे भरून आले नाहीत असा माणूस विरळा. पण प्रत्यारोपित हातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, जुळणारा दाता मिळावा लागतो, आणि पुढची अनेक वर्षे व्यायाम करावा लागतो. मिलमध्ये एक हात गेलेल्या हजारो माणसांचा मार्ग तो नाही. त्यांच्यासाठी चांगला कृत्रिम हात हाच मार्ग आहे, आणि म्हणून तो चांगला असलाच पाहिजे.

चांगला म्हणजे कसा? पाच बोटे वेगवेगळी हलणारा, मोबाइलवरून हुकूम घेणारा हात पाहून आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यात, तीही माणसाची मोठी करामत आहे. पण माझी कसोटी वेगळी आहे. वर्षभराने जो अंगावर आहे, तो हात चांगला. मग तो हुक असो, रबराचा असो की मोटरचा. कोणाला तो कामासाठी हवा असतो, कोणाला लग्नाच्या मांडवात लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी. नुसता शोभेचा हातही कमी लेखू नये. लोक टक लावून पाहत नाहीत म्हणून जो माणूस पुन्हा बसमध्ये चढतो, त्याला त्या हाताने बाहेरचे जग परत दिलेले असते. कशासाठी हवा, हे वापरणाऱ्याने सांगायचे. बाकीच्यांनी ऐकून तसा बनवायचा.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे, हे मला विशेष आवडले. सुरुवातीला यंत्राचे वर्णन येत नाही, दिवसाचे येते. पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हाताला लागणारी कामे आधी मोजली आहेत. मग जखम, वेदना, सॉकेट, हाताचे प्रकार आणि सराव. शेवटी कायदा, कर्मचारी राज्य विमा योजनेतून मिळणारे कृत्रिम अवयव आणि दाखल्यांची वाट. भाषा खानदेशातल्या माणसाला परकी वाटणार नाही अशी आहे. 'थोटा' हा शब्द या पुस्तकात कुठेही नाही, याबद्दल मी लेखकांचा ऋणी आहे.

वाचकांना माझे एकच सांगणे आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा खात्यात कोणाचा हात दाराच्या मागे खुंटीला टांगलेला असेल, तर त्याला दोष देऊ नका. तो हात खाली काढा, पिशवीतून बाहेर काढा, आणि ज्याने दिला त्याच्याकडे घेऊन जा. कुठे टोचतो, कुठे निसटतो, कुठल्या कामाला उपयोगी पडत नाही, हे त्याला सविस्तर सांगा. हात देणाऱ्यांनीही वर्षभराने स्वतःहून त्या घरी जावे आणि विचारावे. पुढचा चांगला हात त्या तक्रारींतूनच घडणार आहे.